जंगलात शिकलेली बोली

फोन आला तेव्हा मी मुलासाठी डबा भरत होते. तो रात्रभर दवाखान्यात यांच्याजवळ बसला होता आणि सकाळी मी जाऊन त्याला सोडवायचं, असं ठरलं होतं. तो एवढंच म्हणाला, "आई, रिक्षा करून ये. डबा राहू दे." डबा राहू दे म्हटल्यावर मला कळलं. तरी मी पोळ्या कापडात नीट गुंडाळल्या, गॅस बंद केला, दाराला कुलूप लावलं, आणि रिक्षा उधन्याच्या पुलाखाली अडकली तेव्हा लक्षात आलं की डबा मांडीवरच आहे. त्याचं पुढं काय झालं ते आता आठवत नाही.

त्या दिवशी आमच्या नवागामच्या घरी जी माणसं जमली ती बहुतेक खात्यातली. लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. ही माणसं मोठ्यानं बोलतात, मोठ्यानं हसतात आणि रडतातही मोठ्यानंच. माझी पुण्याची बहीण घाबरली. मला हळूच म्हणाली, "अगं, यांना जरा हळू बोलायला सांग ना." मी काय सांगणार? उभा जन्म लूमच्या खडखडाटात घालवलेल्या माणसाला हळू म्हणजे किती, हेच ठाऊक नसतं. आमचे हे तर सगळ्यांत पुढे. रामदास नाव, पण दास कसले… चहा मागितला की शेजारच्या खोलीतली बाई विचारायची, भांडण झालं का? आणि मी मराठी शाळेत मास्तरीण. पन्नास पोरांना गप्प बसवून माझाही आवाज काही नाजूक राहिला नव्हता. आमच्या घरात गुपित म्हणून कधी टिकलंच नाही.

पण खात्यात मात्र हेच लोक मुके असत. लग्नानंतर एकदा विसरलेली किल्ली द्यायला मी तिथं गेले होते. दारातूनच कानठळ्या बसल्या. आत सगळ्यांची तोंडं चाललेली, हात चाललेले, आणि शब्द एकही ऐकू येत नव्हता. त्या आवाजात ओरडून काही उपयोग नाही, म्हणून ही माणसं आवाज काढतच नाहीत. नुसते ओठ हलवतात, भुवया उडवतात, बोटांनी दोन खुणा करतात आणि मागांच्या पार पलीकडच्या माणसाशी निवांत गप्पा मारतात. आमचे हे आणि त्यांचे जोडीदार भास्करभाऊ समोरासमोरच्या मागांवर. दोघांचं असं काही रंगात आलं होतं की मी किल्ली हातात धरून उभी, तिकडे कुणाचं लक्षच नाही. मला तेव्हा गंमत वाटली, आणि थोडा रागही आला. हा माणूस माझ्याशी एवढं कधी बोलतो?

काम सोडल्यावर यांनी आपल्या खानदेशी बोलीत एकच हौस सांगितली. "माले एकदाव असा जागावर जानं शे, जठे काहीच आवाज नही." घरात बसून ते शक्यच नव्हतं, कारण भिंतीपलीकडे कुणाचं तरी खातं अष्टौप्रहर चालू. मुलानं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला आणि दिवाळीच्या सुट्टीत पेंच आणि कान्हाच्या जंगलांची सहल ठरवून टाकली. दिवाळीत खाती बंद झाली की आम्ही सगळे खानदेशात गावी पळतो. त्या वर्षी गावी कळवलं की आम्ही वाघ बघायला निघालोय. दीर म्हणाला, "वहिनी, घरमा एक शेच ना!" विधुर भास्करभाऊंनाही बरोबर घेतलं, आणि उधन्याहून आम्ही नागपूरच्या गाडीत बसलो. डब्यात तीन दिवस पुरतील एवढ्या दशम्या होत्या, हे सांगायला नकोच.

पेंचमध्ये पहिल्या सकाळी कडाक्याची थंडी होती. जिप्सी नावाची उघडी जीप, अंगावर सहलवाल्यांनी दिलेली घोंगडी. आमच्या जिप्सीत नागपूरचं एक तरुण जोडपं होतं आणि पुढे गाईड सुखचंद, मध्यमवयीन, सावळा, मोजकं बोलणारा. निघताना त्यानं हात जोडून सांगितलं, "जंगल में आवाज़ बिल्कुल नहीं. बोलना हो तो फुसफुसाके." आमच्या ह्यांनी मान डोलावली. साधारण तासाभरानं वळणावर अस्वल दिसलं, पाठीवर पिल्लू घेऊन रस्ता ओलांडणारं. सुखचंदनं बोट केलं. आणि आमचे हे, गाईडचा शब्द पाळायचा म्हणून, अगदी मनापासून कुजबुजले, "देख वं! अस्वल!!" ती कुजबुज शेजारच्या जिप्सीपर्यंत गेली. अस्वल असं काही उधळलं की पिल्लू पडतं की काय असं झालं. त्या तरुण मुलीच्या हातातला कॅमेरा तसाच राहिला. तिनं आमच्याकडे पाहिलं ते पाहणं मी विसरणार नाही. हे खरोखर गोंधळले. मला विचारतात, "मी हळूच बोलनू ना?" तेही तेवढ्याच आवाजात.

मग त्यांनी तोंडच मिटलं. म्हणजे आवाज मिटवला. थोड्या वेळानं पाहते तर ते आणि भास्करभाऊ खात्यातल्यासारखे ओठांनी बोलू लागलेले, आणि मी दोघांच्या मधे. डावीकडे ओठ हलायचे, उजवीकडे हसू फुटायचं. सुखचंद खूष, कारण अशी शांत गिऱ्हाइकं त्याला कुठली मिळायला. मी मात्र घोंगडीत गुरफटून बसले होते आणि मला इतकं एकटं वाटत होतं की डोळे भरून आले. इतक्या वर्षांचा संसार आणि हा माणूस ज्या भाषेत खरा बोलतो तिचं मला अक्षरही येत नव्हतं.

कान्हात दुसऱ्या दिवशी एका पाणवठ्याजवळ जिप्सी थांबली. इंजिन बंद केलं. वाघ फिरत असला की चितळ किंवा माकड ओरडून इशारा देतं, त्याला ही मंडळी कॉल म्हणतात. तो कॉल ऐकायला सगळे श्वास धरून बसले. मी तशी शांतता आधी कधी ऐकली नव्हती. झाडावरून पान सुटलं की ते फांद्यांना आपटत खाली येईपर्यंत ऐकू येत होतं. आता हे किती सुखावले असतील म्हणून मी वळून पाहिलं, तर यांचा चेहरा कसनुसा झालेला. सगळ्यांचे कान टवकारलेले आणि हे एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, परीक्षेत पाटी कोरी राहिलेल्या पोरासारखे.

दुपारी जेवण झाल्यावर झाडाखाली बसून त्यांनी सांगितलं. "खातं आठे बी चालूच शे." मला आधी कळेना. मग कानाला हात लावून म्हणाले, "आठे. हाऊ आवाज बंदच व्हस नही." कितीतरी वर्षं ते असंच होतं म्हणे. बाहेरचे बारीक आवाज येईनासे झाले होते आणि आत लूम चालू होते, झोपेतही. घरी खडखडाटात त्यांना ते नीटसं उमगलं नव्हतं. शांत जागी आल्यावर उमगलं की शांतता त्यांच्यासाठी आता कुठंच नाही. मी दशमीचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला, तो त्यांनी खाल्ला. मग म्हणाले, "तुले काय काय आयकू येस, ते माले सांग."

त्याच्या पुढच्या सकाळी जिप्सीत मी त्यांच्याकडे तोंड करून बसले आणि आवाज न काढता ओठ हलवले. पान पडलं. त्यांनी मान हलवली. लांब कुठंतरी पाखरू बोलतंय, दोनदा बोलतं आणि थांबतं. मान हलवली. माझे ओठ त्यांना वाचता येत होते, अगदी सहज! मग मला थांबवेना. वाळक्या गवतातून काहीतरी सरपटत गेलं, इथल्या गाईडच्या नाकातून शिट्टी वाजतेय, मागच्या बाईच्या बांगड्या वाजल्या. हे हसायला लागले, बिनआवाजाचे. तेवढ्यात चितळ ओरडलं. मी ओठांनी सांगितलं, चितळ ओरडतंय, पुन्हा ओरडलं, आता माकडंही… आणि हे माझ्या तोंडाकडे एकटक बघत राहिले. जिप्सीतले सगळे उठून उभे राहिले होते. भास्करभाऊंनी यांना कोपरानं ढोसलं तेव्हा कुठे हे वळले. वाघ रस्ता ओलांडून गेला होता. पुढे कुणीही विचारलं, वाघ दिसला का, की हे सांगायचे, शेपटी दिसली. आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावायचे.

परतीच्या गाडीत मी हट्टच धरला, मला तुमचे ओठ वाचायला शिकवा. नंदुरबार येईपर्यंत माझी विद्यार्थिनी म्हणून पुरती शोभा झाली. चहा म्हटलं की मला चटई वाटायची. भास्करभाऊ पोट धरून हसत होते. पण मास्तरणीला नापास व्हायची सवय नसते. घरी आल्यावर रोज संध्याकाळी गॅलरीत समोरासमोर खुर्च्या टाकून आमचा वर्ग भरायचा. खालून गाड्या, मागून लूम, आणि आम्ही दोघं चिडीचूप. हळूहळू मला यायला लागलं. आणि मग माझ्या ध्यानात आलं की आवाज काढायचा नसला की हा माणूस किती हळुवार बोलतो. ओरडून जे कधी बोलता आलं नसतं ते सगळं हे पुढच्या चार-पाच वर्षांत बोलले. आईची आठवण येते म्हणाले. मी शाळेतून दमून यायचे तेव्हा त्यांना वाईट वाटायचं म्हणाले. लग्नात मी नेसलेल्या शालूचा रंगही सांगितला, आणि बरोबर सांगितला. शेजारची बाई मुलाला म्हणाली, तुझे आईबाप आजकाल बोलत नाहीत का रे?

शेवटी छातीत कफ भरला आणि दवाखान्यात नेलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला, नाकापासून हनुवटीपर्यंत. शेवटच्या संध्याकाळी मी जवळ बसले होते. ते काहीतरी बोलत होते. मास्कच्या आत वाफ धरत होती, विरत होती, आणि त्यामागे ओठ हलताना नुसते पुसट दिसत होते. मी खूप वाकले. "परत बोला," मी मोठ्यानं म्हणाले, मग ओठांनीही म्हणाले. त्यांनी परत सांगितलं. तेवढंच, छोटंसं. मला वाचता आलं नाही. मी नर्सला विचारलं, क्षणभर काढू का? ती बिचारी भली होती. म्हणाली, "ना माजी, एनाथी तकलीफ थशे." त्यांना त्रास झाला असता, तेही खरंच होतं. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, कळलं अशी. त्यांनी डोळे मिटले. त्यांना समाधान वाटलं असेल… मला मात्र अजून कळलेलं नाही, ते काय म्हणाले. भास्करभाऊंना विचारलं, तुम्हाला काही अंदाज? त्यांनी तळहात आपल्या तोंडावर धरून पाहिला. मग म्हणाले, "वहिनी, ओठ झाकेल असतीन ते आमले बी नही समजत."

आता दोन महिने होत आले. मुलगा-सून भेस्तानहून इकडेच राहायला आलेत, घर भरलेलं असतं, सगळे माझ्याशी जपून बोलतात. पण ही बोली अशी आहे की ती एकट्यानं बोलता येत नाही, पाठ फिरवून चालत नाही, फोनवर चालत नाही. समोर एक तोंड लागतंच. तरी माझे ओठ हलतात. पाणी आज उशिरा आलं, दूधवाल्यानं खाडा केला, पायाला मुंग्या येतायत… असलंच काहीतरी. सुनेला वाटतं सासूबाई जप करतात. तिनं शेजारी तसं सांगितलंही आहे, आणि त्यामुळे माझा मान वाढलाय.

काल ती भाजी निवडायला माझ्यासमोर येऊन बसली. मी आपली नेहमीसारखी ओठांनी विचारत होते, आज भाजी काय करू? तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "गिलकी करा ना आई, खूप दिवस झाले." मी दचकले. तिनं ओठ वाचले की ते सांगायचं तिच्याच मनात होतं, कोण जाणे. मी उठून गिलकी चिरायला घेतली. यांना गिलकी बिलकूल आवडायची नाहीत. समोर असते तर मोठ्यानं ओरडले असते.