प्रतापची केशर-वेलची

"जमलं! संध्या, अगं जमलं!"

आयर्लंडमधल्या किलकेनीच्या आपल्या घरात प्रताप चक्क नाचत होता. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, डब्लिनजवळच्या चेरीवूडच्या कंपनीचं काम घरून करणारा हा इंजिनिअर, आणि हातात एवढीशी बाटली घेऊन स्वयंपाकघरात गिरक्या काय घेतोय! त्याच्या बायकोची, संध्याची, हॉस्पिटलची ड्युटी नुकतीच संपली होती. डॉक्टरीणबाई दमल्या होत्या, तरी हसल्या.

जमला होता तो केशर-वेलचीचा स्वाद. सिगरेट सुटावी म्हणून प्रतापने व्हेप, म्हणजे ती विजेवरची सिगरेट, धरला. पण दुकानातलं स्ट्रॉबेरी नि बबलगम ओढून जीव विटला, तेव्हा पठ्ठ्याने त्यात भरायचं लिक्विड घरीच बनवायला घेतलं. ग्लिसरीन, स्वादांचे अर्क आणि इवलासा वजनकाटा. थेंब थेंब घालायचा, बाटली खळखळून हलवायची आणि लोणच्यासारखी मुरायला ठेवायची. घाई केली की औषधासारखा वास मारतो. त्याचा गुलकंद तर गावातल्या मराठी मंडळींत गाजला होता! केशर मात्र छळत होतं. कधी अत्तराचं दुकान, कधी नुसतं गोड पाणी. आज एक झुरका घेतला आणि अहाहा, थेट कोजागिरीचं मसाला दूध! कधी एकदा मित्र गौरव येतो आणि त्याला चाखवतो, असं त्याला झालं होतं.

या सगळ्या खटाटोपाला संध्याची एकच अट होती. घरात निकोटिन नको. गेल्या दिवाळीत प्रतापने सात वर्षांच्या लेकीच्या, ईशानीच्या डोक्यावर हात ठेवून तशी शपथ घेतली होती.

आणि इथेच आपला गडी घसरला होता. निकोटिनशिवाय घशाला काही लागेना, मजा येईना. मग बागेतल्या शेडमध्ये लपवलेल्या बाटलीतून या खेपेला थोडं घातलंच. एवढ्याने काय होतंय, असं स्वतःला सांगून मोकळा झाला. बाटलीवर झोकात मराठीत 'केशर-वेलची' असं लिहिलं, ती स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या बोलीतल्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवली आणि गुढी उभारायला बागेत पळाला. पाडवा होऊन गेला होता, पण सुट्टीच्या दिवशी साजरा केला तरी देव काही रागवत नाही.

वाऱ्याने गुढीची काठी काही सरळ राहू देईना. शेवटी ती कुंपणाला करकचून बांधून तो हात झटकत आत आला. कराडहून मुलाकडे आलेल्या आई ओट्याशी श्रीखंड फेटत होत्या.

"आरं, तुझं केशर लई झ्याक हाय की! फळीवर घावलं. समदी बाटली ओतली बघ. कसला वास सुटलाय!"

ईशानी शेजारी स्टुलावर बसली होती. गालाला चक्का लागलेला, श्रीखंडाने भरलेला चमचा तोंडाजवळ.

प्रतापने झेप घेतली. चमचा खणकन भिंतीवर आदळला. दुसऱ्या हाताने त्याने अख्खं पातेलं कचऱ्याच्या डब्यात उपडं केलं. ईशानीने भोकाड पसरलं. "अगं बया, काय झालं ह्याला?" आई भेदरून म्हणाल्या. "कुणी चाखलं नाही ना? आई, तू?" तो ओरडला. "न्हाई रं, निवद दावल्याबिगर मी खाती व्हय?"

आवाज ऐकून संध्या जिन्यावरून धावत आली. झाला प्रकार ऐकला आणि डब्याकडे बघत म्हणाली, "पण प्रताप, त्यात ग्लिसरीन आणि स्वादच होते ना? एवढं घाबरण्यासारखं काय होतं?"

ही लिक्विडं पोटात घालायची नसतात, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. तिने विश्वास ठेवला असता. प्रतापने तसं म्हणायला तोंड उघडलंही. पण समोर ईशानी हुंदके देत होती, गालावरचा चक्का तसाच होता.

"निकोटिन होतं," तो म्हणाला. "मी घातलं होतं."

"बट यू प्रॉमिस्ड, बाबा!" ईशानी रडत म्हणाली.

 संध्याने ईशानीला उचलून बेसिनपाशी नेलं, आ करायला लावला, जीभ पाहिली, गाल पुसला, चूळ भरायला लावली.

"तिने खाल्लं नाहीये गं. मी पाहिलं ना."

"तू पाहिलंस," संध्या म्हणाली, आणि पाण्याचा पेला तिने पुन्हा ईशानीच्या तोंडाला लावला.