अडकलं की फोन करा

काही दुकानांतून माल बाहेर जातो, सुभाषच्या दुकानातून किस्से बाहेर जायचे. माल तसा बेताचाच होता. पनवेलमध्ये टपाल नाक्याजवळ त्याची सीडी-डीव्हीडीची लायब्ररी होती आणि समोरच्या बाकावर आम्ही रिकामटेकडे रोज संध्याकाळी हजर असायचो. आजही आम्ही चौघं जमलो की तोच विषय निघतो आणि प्रत्येकाकडे एखादा नवा किस्सा असतो. दुकान बंद होऊन इतकी वर्षं झाली, मग नवे येतात कुठून, हे विचारायचं नाही.

सुभाषच्या डिस्क इतक्या घरांतून फिरलेल्या असायच्या की सिनेमा ऐन रंगात आला की अडकायच्याच. दुसऱ्या कुणी नव्या डिस्क आणल्या असत्या. सुभाषने पाटी लावली : 'अडकलं की फोन करा'. फोन केला की हा अडकलेला सीन तोंडी सांगायचा, संवादांसकट. मग गिऱ्हाईक डिस्क थोडी पुढे ढकलून उरलेला सिनेमा बघायचं. याला तो 'सर्व्हिस' म्हणायचा.

*

बँकेतले देशमुख रहस्यपटांचे भक्त. एका रविवारी त्यांची डिस्क नेमकी खुनी सापडतो तिथे अडकली. त्यांनी दुकानात फोन केला. सुभाष चहाला गेला होता, गल्ल्यावर त्याची बायको नलिनीवहिनी बसली होती, आणि तिचे डोळे दुकानातल्या टीव्हीवरच्या मालिकेला चिकटले होते.

"खून कुणी केला?" देशमुखांनी विचारलं.

"थोरल्या जावेने," वहिनी म्हणाली. "आणि आता धाकटीवर ढकलतेय."

सिनेमा पाणबुडीतला होता. देशमुखांनी तो शेवटपर्यंत पाहिला, जाऊ शोधत.

*

हिराबाई करंजाहून मासळी घेऊन बाजाराला यायची आणि जाताना एक सिनेमा न्यायची. तिची अट एकच. "बोट बुडते तो पिच्चर नको. घरवाला दर्यावर हाय."

एकदा तिची मुलगी सोबत आली आणि नेमका तसलाच सिनेमा हवा म्हणून हटून बसली. सुभाष म्हणाला, "थांबा, जरा पुसून देतो," आणि डिस्क घेऊन आत गेला.

संध्याकाळी हिराबाईचा फोन आला. "भाऊ, वादळात अडकलीय. बोटीचा काय झाला?"

"सगळे सुखरूप बंदराला लागले," सुभाष म्हणाला. "पुढे ढकला, गाणं चांगलं आहे."

ती डिस्क नवीकोरी होती. पुसता पुसता तिच्यावर ओरखडा कसा पडला, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

*

सॅम्युअल सर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, बेने इस्रायली. मुलं केव्हाच इस्रायलला गेली, सर इथेच राहिले. खोटं त्यांना खपायचं नाही. एकदा ते तावातावाने दुकानात आले.

"तू काल फोनवर सीन सांगितलास, तो सिनेमा मी मुंबईला थिएटरात पाहिलाय. त्यात असलं काही नाही."

सुभाष ओशाळला. "मग कसं आहे, सर?"

"तुझ्यापेक्षा वाईट," सर म्हणाले, आणि ओरखडे असलेली दुसरी डिस्क मागितली.

*

मग कुरियरने घरपोच डिस्क पाठवणारे आले. खारघरच्या माझ्या मेव्हण्याने लगेच वर्गणी भरली आणि पनवेलला येऊन आम्हा सगळ्यांना मागासलेले ठरवलं. त्याची इमारत इतकी नवी होती की कुणाला सापडायची नाही, म्हणून पत्त्यात त्याने शेजारच्या जुन्या गावाचं नाव घालून 'बेलपाड्याजवळ' असं लिहिलं होतं. कुरियरवाला पाकीट बेलपाड्यातच एका घरी देऊन मोकळा झाला.

काही दिवसांनी त्या घरचे काका डिस्क घेऊन मेव्हण्याच्या दारात उभे.

"पिच्चर बरा हाय," ते म्हणाले. "पन दुसरा भाग मागवू नका. त्यो पन आमच्याकडंच आलता."

*

पुढे ब्रॉडबँड आलं. मी पडलो पुरोगामी, त्यामुळे पहिलं कनेक्शन माझं. घरबसल्या सिनेमा कसा लागतो हे दाखवायला मी मुद्दाम सुभाषला बोलावलं. सिनेमा सुरू झाला, थोड्याच वेळात थांबला आणि पडद्यावर एक गोल फिरायला लागला. सुभाष हाताची घडी घालून तो गोल बघत बसला.

"मस्त आहे," तो म्हणाला. "आता फोन कुणाला करायचा?"

तेव्हा आम्ही हसलो. नंतर नेट सुधारलं आणि तो गोल फिरायचा थांबला. सुभाषने दुकान बंद केलं, त्या जागेत आता दुसरा कुणी मोबाइलची कव्हरं विकतो. दुकान गेल्याचं आम्हा सगळ्यांना अतिशय दुःख झालं, आणि ते विसरायला आम्ही घरी जाऊन स्ट्रीमिंगवर सिनेमे बघितले.

एक दिवस नलिनीवहिनी बाजारात भेटली. "हे दिवसभर घरी खिडकीत बसून असतात," ती म्हणाली. "काही विचारलं तर नुसतं हूं. बोलणंच विसरतील की काय, अशी भीती वाटते मला." मला फार वाईट वाटलं. काय करावं ते सुचेना, म्हणून मी हे सॅम्युअल सरांना सांगितलं. सरही नुसतं हूं म्हणाले.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सरांच्या मुलांनी त्यांना मोठा टीव्ही घेऊन दिला. स्ट्रीमिंग सुरू करून द्यायला मी गेलो. सरांनी त्याच दिवशी आलेला सिनेमा निवडला. तो कुठल्या डिस्कवर आला नव्हता, कुणी पाहिलेलाही नव्हता. चित्र लख्ख होतं आणि कुठे अडकायचं नाव नाही. अर्धा सिनेमा झाला, दारावर थाप पडली आणि पडद्यावरची बाई दाराशी गेली.

सरांनी रिमोट उचलून सिनेमा थांबवला. मला वाटलं, चहा टाकायला उठताहेत. त्यांनी फोन लावला.

"सुभाष, अडकलं रे," सर म्हणाले. "बाई दाराशी पोचलीय. बाहेर कोण आहे?"

पलीकडून सुभाषने घसा साफ केल्याचा आवाज आला.

"सर," तो म्हणाला, "आधी नीट बसून घ्या."