माझं एमबीए आणि आजचा तोटा

मंडळी, परवा इथे कोणीतरी विचारलं होतं, नामांकित कॉलेजचं एमबीए केलं तर ट्रेडिंगमध्ये उपयोग होतो का? माझं आजचं ऐका.

महिन्याभरापूर्वी मी एका ब्रोकरकडे ट्रेडर म्हणून लागलो. आज सकाळी मी घेतलेला शेअर पडायला लागला. आमच्या प्रमुख कामतमॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. भाव परत वर का येणार, हे मी त्यांना परीक्षेत लिहावं तसं मुद्देसूद समजावत बसलो.

त्या म्हणाल्या, "कारणं चहाच्या वेळी सांग. आधी विकून टाक."

विकला. दुपारपर्यंत तो आणखी बराच खाली गेला.

चहाच्या वेळी त्यांनी खरंच सगळी कारणं ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "डिग्री नसती तर तुला मुलाखतीला बोलावलंच नसतं. पण तोट्यात बसून राहायला इतकी चांगली कारणंही तुला सुचली नसती. माझं पहिलं वर्ष असंच गेलं. मला थांबवणारं कोणी नव्हतं."

तुम्हाला पहिल्या नोकरीत असं वेळेवर कोणी थांबवलं होतं का?

भुईगावला घरी येऊन आईला सांगितलं, आज तोटा झाला. ती विचारतेय, "मग हसतोयस कशाला?"

तिला काय सांगू?