तारेवरचं गाऱ्हाणं

पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी मालवणजवळ माझ्या गावी सुट्टीवर होतो आणि आंब्याच्या पेट्या भरत होतो. ईशान्येकडच्या डोंगरातली कंपनी पोस्ट. मी सिग्नलचा हवालदार, म्हणजे वायरलेस आणि टेलिफोन चालू ठेवणारा माणूस. बायको म्हणाली, "जावा. तुमका सांगून काय उपेग?" आठव्या दिवशी मी पोस्टवर हजर झालो.

इतक्या वर्षांनी हे आत्ता लिहितोय ते एका व्हिडिओमुळे. गेल्या महिन्यात तो आमच्या गावात सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. शत्रू आभाळात फार उंचावर अणुबॉम्ब फोडणार, त्यातून एक झटका निघणार आणि मोबाइल, पाण्याचे पंप, ट्रॉलर, सगळं एका सेकंदात कायमचं बंद पडणार. इलेक्ट्रोमॅग्नेटिक पल्स, ईएमपी. लोक घाबरले. वाचनालयाच्या मंडळींनी मला बोलावलं. फौजी, त्यातून सिग्नलवाला, तेव्हा याला ठाऊक असणारच.

पहिल्या रांगेत ट्रॉलरवाला सुभाष तांडेल बसला होता. त्याने उभं राहून विचारलं, "परबानू, खरा काय ता सांगा. आमचो जीपीएस मेलो तर आमी घराक येवचा कसा?"

"तुज्या बापाशीकडे खंय होतो जीपीएस?"

सगळे हसले. सुभाष हसला नाही. त्याचे दोन भाऊ त्या वेळी समुद्रात होते. मग मलाच ओशाळल्यासारखं झालं आणि मी नीट उत्तर दिलं. कोर्समध्ये शिकवलेलं तेवढं सांगितलं. असा झटका असतो, ही थाप नाही. पण तो द्यायचा तर आधी अणुयुद्ध सुरू करावं लागतं, आणि ते झालं तर तुमच्या मोबाइलची चिंता कुणी करणार नाही. झटका शिरतो तो मुख्यतः लांब तारांतून, वीजवाहिन्यांतून, अँटेनातून. सुटी, न जोडलेली छोटी वस्तू बहुतेक वेळा वाचते. तेव्हा "सगळं कायमचं बंद" हे वाढवून सांगितलेलं आहे.

"मगे भियाचा कारण नाय?" सुभाष म्हणाला.

मी लान्स नाईक रेडकरबद्दल सांगायला लागलो आणि दोन वाक्यांनंतर थांबलो. खाली बसलो. मंडळींनी चहा दिला. तिथे बोलता आलं नाही ते इथे लिहून देतो.

आमची पोस्ट डोंगराच्या धारेवर होती. खाली नाल्याच्या काठी आमचीच एक चौकी, चार जवान. त्यांच्याशी बोलायला दोन मार्ग होते. एक वायरलेस. दुसरा म्हणजे जंगलातून खाली नेलेली टेलिफोनची तार. हँडल फिरवायचं, की पलीकडे घंटी वाजते. वायरलेस उत्तम चालायचा, त्यामुळे तारेला कुणी विचारत नसे. विचारायचा तो एकटा गुणाजी रेडकर, आमचा लाइनमन.

रेडकर आमच्याच जिल्ह्यातल्या रेडी गावचा. काटकुळा, तोंडात सदा काहीतरी चघळणारा. रोज सकाळी सात वाजता तो तारेसोबत खाली निघायचा. मध्ये तीन ठिकाणी तारेला क्लिपा लावून टेस्ट फोनवरून मला कॉल करायचा. नियमाप्रमाणे त्याने आपली जागा सांगायची आणि मी "ओके" म्हणायचं. पहिल्याच दिवशी त्याला कळलं की एक्स्चेंजवर मालवणी माणूस आलाय. दुसऱ्या सकाळी फोन वाजला आणि आमच्या देवळांत घालतात तसं गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा देवा टेलिफोना, ह्या तारेर जो काय फांटो पडलो असात, जा काय उंदरान कुरतडला असात, ता दूर कर आणि परबांची नोकरी सांभाळ रे म्हाराजा!"

देवळात सगळा गाव जे ओरडतो तेच माझ्या तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा!"

तीच पद्धत पडली. मी "व्हय म्हाराजा" म्हटल्याशिवाय तो क्लिपा काढत नसे. एकदा गंमत म्हणून मी मुद्दाम गप्प बसलो. मेला पाच मिनिटं तसाच थांबला. मग हळूच म्हणाला, "परबानू, देव रागावलो काय?" मी हसत सुटलो. घरापासून इतक्या दूर ती आमची दोघांची चैन होती.

आता माझी चूक. सिग्नलमध्ये दोन गोष्टी घोटून घेतात. आभाळ गडगडायला लागलं की मेन वायरलेस सेटचा अँटेना काढायचा. आणि स्पेअर सेट कशालाही जोडून ठेवायचा नाही. वीज काय, ईएमपी काय, दोन्हींच्या शिरायच्या वाटा जवळजवळ सारख्याच. हे मी नव्या पोरांना स्वतः शिकवत होतो. स्पेअरची बॅटरी काढून वेगळी चार्ज करायची असते. ज्या दिवशी हे सगळं घडलं त्या दिवशी मी ती सेटसकट चार्जरला लावली. आळस केला, दुसरं काही नाही.

तीन दिवस पाऊस होता. दुपारी एक चाळीसला टेहळणीवरच्या जवानाने कळवलं, की वरच्या अंगाला दरड कोसळून नाला अडलाय. खालचं पाणी आटलंय आणि दरडीमागे तुंबतंय. तो बांध फुटला की खालची चौकी जाणार. चौकीवरच्या चौघांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना वर चढवायचं, एवढंच काम होतं.

मी वायरलेसवर हाका मारायला लागलो, खरखरीत उत्तर येत नव्हतं. गडगडत होतं, पण अँटेना काढला तर बोलणार कसा? एक पन्नासला वीज आमच्या अँटेनाच्या मास्टवर पडली. खोलीत जळका वास. मेन सेट डेड.

आमचे कंपनी कमांडर मेजरसाहेब आत आले. "स्पेअर?"

मी चार्जरकडे बघितलं. त्याच्या तारेतून वीज स्पेअरमध्येही शिरली होती. "डेड, सर."

"लाइन?"

हँडल फिरवलं. काही नाही. तार दरडीत कुठेतरी तुटली होती. दोन जवानांना पायवाटेने खाली पिटाळलं, पण त्या पावसात त्यांना दीड तास लागणार होता. रेडकर दारात उभा होता. खांद्यावर तारेचं रीळ, कमरेला टेस्ट फोन.

"तुटल्ली जागा अर्ध्या तासात गावतली. मी जातंय."

लाइनवर कधी एकटं जायचं नसतं. दुसरा लाइनमन तापाने फणफणला होता. मी मेजरसाहेबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. रेडकर निघाला. माझी चूक निस्तरायला निघाला होता, आणि ते त्याला ठाऊक होतं. चार्जर त्यानेही बघितला होता. एक शब्द बोलला नाही.

दोन पस्तीसला घंटी वाजली.

"बा देवा म्हाराजा..." त्याला धाप लागली होती. "परबानू, जोड दिलंय. वाजवा खाली."

मी हँडल फिरवलं. चौकीने उचललं.

"सामान सोडा. वर चढा. आत्ता."

"रिपीट?"

मेजरसाहेबांनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला आणि दोन वाक्यांत समजावलं. चौकीने "रॉजर" म्हटलं. हे सगळं त्याच तारेवर रेडकरला ऐकू जात होतं. मेजरसाहेबांनी रिसीव्हर ठेवला आणि म्हणाले, "लॉगमध्ये वेळ लिही."

"व्हय म्हाराजा" माझ्या तोंडाशी आलं होतं. पण कंपनी कमांडर शेजारी उभे, आणि मी हवालदार माणूस फोनवर देवळासारखा ओरडणार? मला लाज वाटली. साहेब जाऊ देत, मग म्हणू. मी लॉग लिहिला. दोन एक्केचाळीस. साहेब बाहेर गेले. मी रिसीव्हर उचलला आणि म्हटलं, "रेडकर, व्हय म्हाराजा. ये आता परत."

तार पुन्हा मेली होती.

तीन वाजून पाच मिनिटांनी बांध फुटला. चौकीचे तंबू गेले. चारही जवान आणि पायवाटेने निघालेले दोघे वरच होते, एकाला खरचटलंसुद्धा नाही. रेडकर परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही त्याला काढलं. तार धरून खणत गेलो. दुसरी दरड बरोबर जोडाच्या जागी आली होती. त्याने दिलेला जोड शाबूत होता, वर टेप व्यवस्थित गुंडाळलेली. आणि त्याच्या टेस्ट फोनच्या क्लिपा अजून तारेलाच होत्या. क्लिपा काढायला दोन सेकंद लागतात. काम संपलं होतं, खालची माणसं हलली होती, हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरी तो तिथेच होता.

चौकशीत मी स्पेअर सेटचं सगळं खरं सांगितलं. त्याची शिक्षा मिळाली, ती योग्यच होती. क्लिपांबद्दल कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

वाचनालयातून आलो त्यानंतर चार दिवसांनी सुभाष घरी आला. मी त्याला रेडकरची सगळी हकीकत सांगितली आणि म्हटलं, बॉम्बाला भिऊ नको. एकाच गोष्टीवर सगळा भरवसा टाकलास तर मात्र भी. त्यासाठी बॉम्ब लागत नाही, एक वीज पुरते आणि माझ्यासारखा एक आळशी पुरतो. जुना जीपीएस सेट बॅटरी काढून डब्यात ठेव, आणि बापाने दाखवलेल्या किनाऱ्यावरच्या खुणा भावांना शिकव. तो म्हणाला, "ठेवतंय." मग त्याने विचारलं, "रेडकरांच्या घरच्यांका ह्या म्हायत आसा?"

नव्हतं. इतकी वर्षं मी दर वर्षी रेडीला जात होतो, चहा पिऊन परत येत होतो. सुभाष गेला आणि दुसऱ्या सकाळी मी पहिली एसटी धरली. रेडकरची बायको शालिनी अंगणात काजूबिया वाळत घालत होती. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. चार्जर, मेजरसाहेब, लाज, क्लिपा. तिचे हात थांबले. वाटलं, आता ही मला अंगणाबाहेर काढणार. काढायलाच हवं होतं.

तिने हातातल्या बिया खाली ठेवल्या. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "तो तसोच होतो. उत्तर मिळाल्याबिगर हलूचो नाय." ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मगे आता तरी म्हणा, परबानू. किती वर्सा उभो करून ठेवतलात तेका?"

 मी उभा राहिलो, सावधानमध्ये, आणि देवळात म्हणतात तेवढ्या मोठ्याने म्हटलं.

"व्हय म्हाराजा."