सगळे आल्याशिवाय नाही

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या आमच्या मराठी मंडळींचा सहलीचा एकच नियम आहे: सगळे आल्याशिवाय पुढे जायचं नाही. एकाची गाडी थांबली की तिन्ही थांबणार, आणि थांबलोच आहोत तर डबे उघडणार. गेल्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या, तेव्हापासून मला या नियमाची शिसारी बसली आहे.

सासूबाई भूगोलाच्या शिक्षिका. जन्मभर फळ्यावर खडूने घळई काढून दाखवली, प्रत्यक्षात एकही पाहिली नाही. इथे येऊन त्यांनी मागितलं ते एवढंच. गुडघे कुरकुरत होते. पुढच्या खेपेला डोंगर जमायचा नाही, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही.

पहिला दिवस बायरिशर वाल्डच्या जंगलात गेला. तिथले सूचिपर्णी वृक्ष असे, की वर बघता बघता मान दुखावी. त्यातल्या सर्वांत जुन्या झाडाखाली आमच्या लोकांनी चटई टाकली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणच्याचं तेल मुळांवर. स्पीकरवर गाणी. सहलीचे स्वयंघोषित पुढारी बुंध्याला टेकून दात कोरत बसले. एका बाईंनी बाळाचं पुसून झालेले ओले टिश्यू झाडाच्या ढोलीत कोंबले. ते मी एकेक करून बाहेर काढले आणि पिशवीत भरले. ‘पाइनलिश!’ असं पुटपुटून माझ्या लेकीने शरमेने हुड डोळ्यांवर ओढलं. पोरीचं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी बेर्ष्टेसगाडनकडची घळई. शेवटचा प्रवेश चारला, हे मी न्याहारीपासून घोकत होते.

“वहिनी, टेन्शन नका घेऊ,” पुढारी म्हणाले. “म्हातारं माणूस बघून सोडतील.”

जर्मनीत इतकी वर्षं काढून हा माणूस असं म्हणतो! ऑफिसात हेच सगळे मीटिंगला आधीच लॉगिन करून बसलेले असतात. चार मराठी माणसं जमली की घड्याळ गेलं खड्ड्यात.

आम्ही पार्किंगमध्ये वेळेत पोचलो, दुसरी गाडीही आली. तिसरी मात्र वाटेतल्या सुपरमार्केटात, इंडियाला न्यायची चॉकलेटं घ्यायला थांबलेली. लगेच उरलेल्या पुऱ्या निघाल्या. सासूबाई बुटांच्या नाड्या घट्ट बांधून, पर्स मांडीवर घेऊन गाडीतच बसून होत्या. 

“अहो आई, चला, आपण दोघी पुढे जाऊ,” मी म्हटलं.

“असं एकटंच पुढे जाणं बरं दिसत नाही गं,” नवरा तोंडातला घास चावत म्हणाला.

त्या माझ्याकडे बघून हसल्या. “राहू दे. लोकांना वाईट वाटायला नको.”

सगळे मिळून फाटकाशी गेलो तेव्हा तिकिटाची बाई कुलूप लावत होती. पुढारी हात जोडून पुढे झाले, “प्लीज, ओन्ली वन ओल्ड लेडी.” ती “गेश्लोसन” म्हणाली आणि गेली. बंद म्हणजे बंद. मला तिचा राग आला नाही.

भिंतीवर घळईचा मोठा फोटो लावलेला होता. “काकू, इथे उभ्या राहा! अगदी आत गेल्यासारखं दिसेल,” पुढारी ओरडले. सासूबाई उभ्या राहिल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो माझ्या नवऱ्याने काढला आणि तिथूनच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तेलकट बोटांनी.

परतताना गाडीत नणंदेचा फोन आला. सासूबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर.

“आई, बघितलीस ना गं शेवटी? किती खोल होती?”

सासूबाईंनी क्षणभर मुलाच्या पाठीकडे पाहिलं.

“बघितली,” त्या म्हणाल्या. “खूप खोल. सगळ्यांनी फार जपलं हो मला.”

फोन बंद झाला. नवऱ्याचे खांदे सैल पडले.

“बघ,” तो मला म्हणाला, “आईची काही तक्रार आहे का?”