कार्डावर फकीर नको

उमापूरचा फकीर धोंडीराम हा मेंढरं राखणारा माणूस. डोक्याला पागोटं, कपाळाला भंडारा आणि नाव फकीर. तहसिलीतला कारकून एकदा जातीच्या दाखल्याकडे बघायचा, एकदा त्याच्या तोंडाकडे. अठ्ठावन्न वर्षं त्यानं हे हसण्यावारी नेलं. पण लेकीची, धनश्रीची, सुपारी फुटली आणि नवरदेवाचा चुलता शहादेव म्हणाला, "पाव्हणं, कार्डावर तुमचं नाव प्रकाशराव टाकू," तेव्हा मात्र फकिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शहादेवचा परळीत राखेच्या विटांचा कारखाना. बोलणं मोठं गोड. "राग नका मानू. आमच्याकडं लई मानूस येनार. वाचून इचारतील, सोयरीक केली तरी कुठं? आताचे दिवस कसे हायेत, तुमाला ठाव हाय. कार्डापुरतंच."

कार्डापुरतंच! म्हणजे लेक वाढवायला फकीर, तिचं कन्यादान करायला फकीर, आणि मिरवायला कुणी प्रकाशराव. बापाला असं विचारायला माणसाची जीभ तरी कशी रेटते? त्यात फकिराचा थोरला मुलगा अंगद शेजारी बसून मान डोलावत होता. घरातली रीत अशी की फकीर हे नाव एक पिढी सोडून आजाकडून नातवाला. अंगदनं ती मोडून पोराचं नाव श्रेयस ठेवलं, तेव्हाही फकीर गप्प बसला होता.

"पन हे नाव तुमच्यात आलं कुठून?" शहादेवनं विचारलं.

फकिराला एवढंच ठाऊक होतं. आजा फकीर, म्हणून तो फकीर. त्यापुढं कधी कोणी विचारलंच नव्हतं. आता त्याला शहादेवपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. आठ दिवसांची मुदत मागून त्यानं शिरूर कासार गाठलं. तिथं त्याची आत्या भिवराबाई, म्हणजे त्या आजाची लेक, नव्वदीतही शाबूत होती.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हातातली काठी जमिनीवर आपटली. "मुडद्या, केस पिकल्यावर इचारायला आलास व्हय?"

मग तिनं सांगितलं. फकिराचा पणजा म्हाळू. त्याची तीन लेकरं बारशाआधीच गेली होती. चौथं जन्मलं त्या दिवशी गल्लीतली हाफिजा बागवान, पेरू-बोरं विकणारी बाई, दारात आली. तिनं सूपभर बाजरी उंबऱ्यावर ओतली आणि त्या बाजरीच्या मोलानं पोर विकत घेऊन आपल्या घरी नेलं. पाचवीला नशीब लिहायला सटवाई येते. ती म्हाळूच्या घरी आली तर तिला पोर सापडूच नये, एवढ्यासाठी. हाफिजाची स्वतःची लेक अंगावर पीत होती. तिच्याबरोबर तिनं यालाही पाजलं आणि नाव ठेवलं फकीर. सहाव्या दिवशी त्याला आईच्या ओटीत घालून म्हणाली, "पोर माजं हाय. तू नुस्तं सांभाळ."

"फकीरच कावून, आत्या?"

"फकिराच्या झोळीतलं कुनी हिसकून घेत न्हाई. मरन बी न्हाई. तुजा आजा जगला तो त्या बाईच्या दुधावर. तिनं एकच मागितलं, माज्या लेकराचं नाव तुमच्यात चालू ठेवा. आन् तू प्रकाशराव होनार! लाज न्हाई वाटत?"

शहादेव ठरल्या दिवशी कार्डाचा नमुना घेऊन आला. फकिरानं त्याला सगळी हकिगत सांगितली. सांगताना त्याचा आवाज चढत होता. शहादेवनं डोळे पुसल्यासारखं केलं. "गोष्ट लाखाची हाय, पाव्हणं. पन आलेल्या एकेका मानसाला कोन सांगत बसंल?"

फकीर उसळून उठला आणि त्याचं लक्ष दारात चहाचं ताट घेऊन उभ्या असलेल्या धनश्रीकडे गेलं. तिच्या अंगावर सुपारीची साडी होती. तो खाली बसला.

"टाका," तो म्हणाला. "टाका प्रकाशराव."

धनश्रीनं ताट खाली ठेवलं. "काका, मानसाला सांगायचं माज्यावर सोडा. आन् अजून एक आयका. दादानं नाव बुडवलं, तवा आता ते माज्याकडं आलं. मला पोरगं झालं की त्याचं नाव फकीर. तुमच्या घरात, परळीत. चालंल का, आत्ताच सांगा."

अंगद कावराबावरा होऊन तिला गप्प करू लागला. शहादेवनं नमुना घडी करून खिशात घातला. "घरी इचारून कळवतो," म्हणाला आणि चहा न पिताच गेला. चौथ्या दिवशी फोन आला की सोयरीक जमत नाही, साडी परत पाठवा.

फकिरानं कपाळावर हात मारून घेतला. "माज्या नावापायी मोडलं, बाई."

धनश्री साडीची घडी घालत होती. तिनं ती रागानं पिशवीत कोंबली. "तुमच्या नावापायी न्हाई, आप्पा. तुमाला पुसून टाकूनच मला न्यायचं होतं त्येंना. मंग तितं मी कोनाची लेक म्हनून नांदले असते?"