दोन पिनांचा प्लग

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र आजही जसंच्या तसं आठवतं, कारण त्यात चूक माझीही होती.

पूर्व नागपुरातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. सकाळी दहाच्या सुमारास फोन आला, विजेच्या धक्क्याने एक बाई गेली. वय पस्तिशीच्या आसपास. घरी केक करून विकायची. तिच्या भावाने त्याच आठवड्यात बर्डीच्या बाजारातून नवा इलेक्ट्रिक ओव्हन आणून दिला होता. त्याच्या दाराला तिने हात लावला आणि तो सुटलाच नाही. आम्ही मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला, पंचनामा केला, ओव्हन सील केला. कंपनीचा तीन पिनांचा जाड प्लग कुणीतरी कापून टाकला होता आणि त्याजागी दोन पिनांचा साधा प्लग लावला होता.

दुपारी त्या भागातला वायरमन आपणहून ठाण्यात आला. चेहरा उतरलेला.

"साहेब, तो ओव्हन मी नाही जोडला. परवा मले बोलावलं होतं. घरात अर्थिंगच नाही, वायर पातळ. मी म्हटलं, मीटरपासून जाड वायर टाका, अर्थिंग करा, वेगळा एमसीबी लावा, मंग जोडून देतो. तिचा नवरा म्हणे, पुढच्या आठवड्यात पाहू."

मग जोडला कोणी?

उत्तर तयारच होतं. बाईचा भाऊ ठाण्याच्या दारात आक्रोश करत होता. "रोज भांडे तिचा नवरा तिच्याशी! तिचा केकचा धंदा त्याच्या डोळ्यात खुपून राहिला होता. त्यानंच मारलं माझ्या बहिणीले!" भांडणं होत असत, हे शेजाऱ्यांनीही सांगितलं. मी नवऱ्याला चौकशीला बसवलं. तो एका दुकानात कारकून होता.

"प्लग कोणी कापला?"

"मले नाही माहीत, साहेब. काल मी कामावर होतो. मले वाटलं, तिनं वायरमनले पुन्हा बोलावलं अन् तोच जोडून गेला."

त्याच्या उजव्या हाताची बोटं भाजली होती. तिला ओढायला गेलो तेव्हा धक्का बसला, असं तो सांगत होता. मी मात्र मनात धरलं, वायरशी खेळतानाच भाजला असेल.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनानंतर प्रेत नातेवाइकांच्या ताब्यात दिलं. नवऱ्याने हात जोडले. "घाटावर जाऊन येतो, साहेब. मंग तुमी म्हणाल तितके दिवस बसतो."

सोबत दोन शिपाई देऊन त्याला पाठवता आलं असतं. मी नाही म्हणालो. अग्नी भावाने दिला.

तिसऱ्या दिवशी विद्युत निरीक्षकाने पंचांसमोर तो प्लग उघडला. अर्थिंगच्या हिरव्या वायरला दोन पिनांच्या प्लगमध्ये जागाच नसते. ती तशीच उघडी, दुमडून आत कोंबली होती. वायर ओढली गेली आणि तिच्या तारा करंटच्या पिनेला टेकल्या. त्या वायरचं दुसरं टोक ओव्हनच्या पत्र्याला जोडलेलं. जी वायर माणसाला वाचवायला दिलेली असते, तिच्यातूनच सगळ्या पत्र्यात करंट उतरला होता.

आणखी एक गोष्ट दिसली. प्लगमधून वायर बाहेर येते तिथे वायरमन वापरतात ती काळी टेप नव्हती. दवाखान्यात सलाईनची सुई हातावर चिकटवतात तसली पांढरी कापडी पट्टी गुंडाळलेली होती.

भाऊ नागपूरजवळच्या कन्हानला एका दवाखान्यात कंपाउंडर होता. संध्याकाळी तो पुरवणी जबाब द्यायला आला. सही करण्यासाठी त्याने खिशातून चष्मा काढला. चष्म्याची मोडलेली काडी तसल्याच पांढऱ्या पट्टीने बांधलेली होती. मी प्लगचा फोटो त्याच्यासमोर ठेवला.

तो खुर्चीवरून खाली जमिनीवर बसला.

"ती मागंच लागली होती, साहेब. भाऊ, उद्याची ऑर्डर आहे, आजच्यापुरतं जोडून दे म्हणे. बोर्डात मोठा प्लग जाईना. मी कापला."

"मग भाऊजींचं नाव कशाला घेतलंस?"

"आईले काय सांगू? मी मारलं म्हणून?"

निष्काळजीपणामुळे मृत्यू, असा गुन्हा भावावर दाखल झाला. नवऱ्याला घरी पाठवताना मी सगळं सांगितलं. त्याला राग येईल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "मी त्याच दिवशी वायर टाकून घेतली असती तं तिच्या भावाले प्लगले हात लावायचं कामच पडलं नसतं." आणि पायऱ्या उतरून गेला.

जो मोठ्याने रडतो आणि दुसऱ्याकडे बोट दाखवतो, त्याचं रडणं नेहमी खोटं नसतं. हा भाऊ खरोखरच बहिणीसाठी रडत होता. पण त्याचं रडणं मी पुरावा धरला आणि नवऱ्याची भाजलेली बोटंही पुरावाच धरली, फक्त उलट्या बाजूने. प्लग पहिल्या दिवसापासून माझ्या ताब्यात, सीलबंद होता. निरीक्षकाला मी त्याच दिवशी बोलावू शकलो असतो. पुढच्या नोकरीत मी वस्तू आधी तपासल्या, माणसं नंतर.

त्या नवऱ्याचं घर माझ्या घरापासून फार दूर नाही. निवृत्तीनंतर दोनदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. माफी मागायची राहिली आहे.